‘नाही’ म्हटल्यावर पुढचा अंतरा मिळतो का?

मागच्या अंकात एका आईने गाण्याच्या क्लासची फी किती असावी असं साधं विचारलं होतं आणि उत्तराच्या शेवटी मी सहज एक ओळ लिहिली होती, की फीपेक्षा आधी शिकवताना खोलीचं दार उघडं असतं का ते बघा. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की या महिन्याचं सगळं पान त्यांनाच देतेय. स्वयंपाकघर, सासूबाई, भाडेकरू सगळे पुढच्या महिन्यात. पत्र लिहिणाऱ्यांची गावं आणि थोडे तपशील बदललेत, कोणाचं नाव छापलेलं नाही आणि छापणारही नाही. नव्या वाचकांसाठी सांगते, मी स्वतः अकरा वर्षं गाणं शिकलेय आणि आता वकिली करते, त्यामुळे दोन्हीकडची भाषा मला कळते.

ताई, नमस्कार. मी २२ वर्षांची, गाव सांगली जिल्ह्यात, गाण्यासाठी पुण्यात राहते. तीन वर्षं एका गुरुजींकडे शिकतेय, गेल्या वर्षी गंडा बांधला, म्हणजे रीतसर शिष्या झाले. आधी सकाळची तालीम असायची, सगळे असायचे, मग मला एकटीला रात्री साडेनऊला बोलवायला लागले, म्हणाले रात्रीचे राग रात्रीच शिकायचे. बिहाग सुरू केला. एकदा मी तानपुरा वाजवत होते, डोळे मिटलेले, आणि त्यांचा हात माझ्या मांडीवर आला. समेला थाप देतात तसा आला आणि तिथेच राहिला. माझा उजवा हात तारांवर, डाव्या हाताने तानपुरा सावरलेला, सोडला तर पडेल एवढंच डोक्यात आलं. मी हलले नाही. असं अजून एकदा झालं, तिसऱ्यांदा मी म्हटलं गुरुजी नको. ते हसले, म्हणाले म्हणूनच तुझ्या गाण्यात भाव नाही. त्यानंतर बंदिशीच्या पहिल्या भागावर, स्थायीवरच थांबलोय, पुढचा भाग म्हणजे अंतरा दिलाच नाही. अडीच महिने झाले. कार्यक्रमात मागे तानपुऱ्यालाही आता दुसरी मुलगी बसते. गुरुभगिनी म्हणतात तुझा गैरसमज झाला असेल, ते सगळ्यांनाच मुलीसारखं वागवतात. मी तालीम मोबाईलवर रेकॉर्ड करते, त्या दिवसाचंही आहे, पण त्यात काहीच ऐकू येत नाही, फक्त तानपुरा मधेच थांबतो. ताई, माझा खरंच गैरसमज झालाय का?

नाही गं. गैरसमज झालेला नाही.

तू सगळा विचार त्या हाताचा करतेयस, तो थापेचा होता की कसला होता, किती वेळ होता, मुद्दाम होता का. तिथे तू अडकून पडशील, कारण हाताबद्दल समोरचा माणूस कायम काहीतरी सांगू शकतो, ताल दाखवत होतो, श्वास कुठून घ्यायचा ते दाखवत होतो, लेकीसारखी आहे. तू नाही म्हटल्यावर काय झालं ते बघ. चुकून लागलेला हात असता तर माणूस ओशाळला असता, पुढच्या तालमीला लांब बसला असता आणि अंतरा शिकवून मोकळा झाला असता. इथे तू नको म्हटलंस आणि तुझा अंतरा थांबला, स्टेजवरची जागा गेली, वर गाण्यात भाव नाही हे ऐकून घ्यावं लागलं. म्हणजे तुझ्या शिकण्याची किंमत लावली गेली आणि तू ती दिली नाहीस म्हणून शिकणं बंद झालं. मला कोणी विचारलं की नेमकं कशावरून ओळखायचं तर मी हेच सांगते, नाही म्हटल्यावर पुढचा अंतरा मिळतो का ते बघा.

आपल्या गाण्यात हे फार सोपं जातं कारण विद्या एका माणसाच्या गळ्यात असते. कॉलेजात एक प्राध्यापक नडला तर पुस्तक असतं, दुसरा प्राध्यापक असतो. इथे कुठली बंदिश कधी द्यायची, कोणाला समोर बसवायचं, कोणाला मागे तानपुऱ्यावर घ्यायचं, आयोजकाला कोणाचं नाव सुचवायचं, सगळं एकाच्या हातात. आणि गंडा बांधला की दुसऱ्याकडे शिकायला जाणं म्हणजे गद्दारी. पूर्वी उस्ताद चिजा म्हणजे बंदिशी लपवून ठेवायचे, अर्धीच सांगायचे, संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंड्यांनी गावोगाव फिरून त्या गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तक मालिकेच्या सहा भागांत छापून टाकल्या तेव्हा कित्येकांना ते रुचलं नव्हतं. छापलेल्या कागदावरून गाणं येत नाही हे खरंच आहे, पण विद्या अडवून धरणं ही ताकद आहे हे त्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीच कळलं होतं.

तू हलली नाहीस याबद्दल स्वतःला बोल लावतेयस असं पत्रात दोन ठिकाणी वाटलं. मी तानपुरा वाजवलाय. तो खांद्याला टेकलेला असताना दोन्ही हात गुंतलेले असतात, डोळे मिटलेले असतात, आणि लहानपणापासून शिकवलेलं असतं की तानपुरा मधे थांबवायचा नाही. माणूस घाबरला की थिजतो, आणि तुझ्याकडे तर थिजायला वाद्यही हातात होतं. तरी तुझा तानपुरा थांबला. म्हणूनच ते रेकॉर्डिंग ‘त्यात काही नाही’ असं म्हणून अजिबात डिलीट करू नकोस. पा सा सा सा चाललेलं असतं आणि मधेच तुटतं, किती वाजता तुटतं हे फाईलवर असतं, त्याच रात्री तू मैत्रिणीला काही मेसेज केला असशील तर त्याची वेळ असते, आणि असे तुकडे एकत्र ठेवले की पुरावा तयार होतो. मोबाईल बदलू नकोस, फॉरमॅट मारू नकोस, फाईल दुसरीकडे कॉपी करून ठेव पण मूळ तशीच राहू दे. कोर्टात अशा फाईलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली एक प्रमाणपत्र द्यावं लागतं, ते वकील करून देईल. आणि आज रात्रीच बसून वहीत लिही, तारीख, वेळ, कोणता राग, कोणते कपडे, घरात आणखी कोण होतं, तू काय म्हणालीस आणि ते काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत.

आता घाईची गोष्ट, नीट वाच. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा आहे ज्याला सगळे पॉश म्हणतात, त्यात तक्रार घटनेपासून ३ महिन्यांत करायची असते, घटना एकापेक्षा जास्त असतील तर शेवटच्या घटनेपासून. तुझे अडीच झालेत. योग्य कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवून देऊ शकते पण त्या भरवशावर राहू नकोस. गुरुजींकडे दहा माणसं नोकरीला नाहीत म्हणजे अंतर्गत समितीचा प्रश्नच नाही, अशा वेळी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिथे अर्ज द्यायचा. जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या ऑफिसात विचार. अर्जाच्या सहा प्रती लागतात, सोबत कागद आणि साक्षीदारांची नावं. समोरचा वकील म्हणेल की हे कामाचं ठिकाण नाही, हे तर गुरूचं घर आहे, ही काय पगारी नोकर आहे का. म्हणू दे. कायद्यातल्या व्याख्येत राहतं घरही आहे आणि बाई नोकरीला असलीच पाहिजे असंही नाही. तू कार्यक्रमात मागे बसायचीस, प्रवास करायचीस, कधी पाकीट मिळालं असेल, ते सगळं अर्जात लिही.

पोलिसांचा रस्ता वेगळा आणि तोही खुला आहे. भारतीय न्याय संहितेचं विनयभंगाचं कलम ७४ म्हणजे जुनं ३५४, शिक्षा एक ते पाच वर्षं, आणि त्याला अशी तीन महिन्यांची मुदत नाही. कुठल्याही ठाण्यात जा, आमच्या हद्दीत नाही असं सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावीच लागते आणि तुझा जबाब महिला अधिकाऱ्यानेच लिहायचा असतो. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नकोस, बाईला उत्पन्न कितीही असो विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, १५१०० ला फोन कर.

गुरुभगिनींवर रागावू नकोस एवढंच सांगेन. ‘मुलीसारखं वागवतात’ म्हणणाऱ्यांपैकी एखादीचा अंतराही कधीतरी थांबला असेल आणि तिने तो वेगळ्या तऱ्हेने मिळवला असेल. मी असं ठामपणे लिहितेय कारण माझ्या वेळी मी दुसऱ्या मुलीला हेच वाक्य म्हटलं होतं, ती सोडून गेली, पुढच्या पावसाळ्यात तीच वेळ माझ्यावर आली, आणि मी काही न बोलता तानपुरा गवसणीत घातला तो कायमचाच. त्या मुलीचा पत्ता मला नंतर सापडला नाही.

नमस्कार ताई, माझी मुलगी १४ वर्षांची, हार्मोनियम आणि गाणं शिकते, यंदा मध्यमाची परीक्षा आहे. तिचे सर तिला बाकीची मुलं गेल्यावर थांबवून घेतात, रात्री मेसेज करतात आणि ‘आईला दाखवू नको’ असं लिहितात. एकदा जवळ ओढलं असं ती म्हणाली आणि मग गप्प झाली. मिस्टर म्हणतात क्लास बदलू, विषय संपवू, पोरीचं नाव होईल. परीक्षा झाल्यावर बदलला तर चालेल का?

परीक्षा होईपर्यंत एक दिवसही नको. उद्यापासून ती तिथे जाणार नाही. मध्यमा पुढच्या सत्रात देता येते, आणि नाही दिली तरी काही बिघडत नाही.

पण नुसता क्लास बदलून विषय संपत नाही हे तुम्हाला सांगावंच लागेल. १८ च्या खालच्या मुलांसाठी पॉक्सो कायदा आहे, २०१२ चा, आणि त्यात हात लावणंच नाही तर असे मेसेज, असं बोलणंही येतं. मुलीची संमती होती का हा प्रश्नच तिथे उभा राहत नाही. आणि ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवलंच पाहिजे असं कलम १९ म्हणतं, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणजे आता हे तुम्हाला कळलंय, मिस्टरांना कळलंय, तर ते घरातल्या घरात मिटवण्याचा पर्याय कायद्याने तुमच्याकडे ठेवलेलाच नाही. हे घाबरवायला लिहीत नाहीये. पुष्कळ बायकांना या कलमाचा घरात उपयोग होतो, ‘मला हौस नाही हो, कायदाच आहे’ असं म्हणता येतं.

नाव होण्याची भीती मला कळते. मुलीचं नाव, फोटो, शाळा, पत्ता काहीही छापायला बंदी आहे. जबाब घ्यायला पोलिसांनी तुमच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे यायचं असतं, युनिफॉर्ममध्ये नाही, शक्यतो महिला अधिकारी, आणि तुम्ही शेजारी बसायचं. कोर्टात तिला त्या माणसासमोर उभं करायचं नसतं. हे सगळं प्रत्येक ठाण्यात सरळपणे होतं असं मी म्हणणार नाही, कधी कधी हवालदार गणवेशातच येऊन बसतो, तेव्हा तुम्ही शांतपणे सांगायचं की कायद्यात असं नाहीये. सुरुवात १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करून करा, तिथली माणसं पुढचं सांगतात.

मुलीशी बोलताना फक्त एक करा, तेच तेच पुन्हा विचारू नका. ती एकदा बोलली आणि गप्प झाली याचा अर्थ बहुतेक तुमच्या चेहऱ्याकडे बघून गप्प झाली. तिला म्हणा की तू सांगितलंस ते बरं केलंस आणि मला खरं वाटतंय, मग तिच्याबरोबर भाजी निवडत बसा नाहीतर टीव्ही बघा, ती बोलेल तेव्हा बोलेल. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि तिचा फोन तसाच ठेवा. आणि पेटी घरातून हलवू नका कृपा करून, ती तिची आहे, त्या सरांची नाही.

मी तबलावादक आहे, वय ४१. एका मोठ्या कलाकारासोबत बारा वर्षं साथ करतोय. दौऱ्यावर शिष्या बरोबर असतात आणि आयोजकाला सांगून खोल्या कमी बुक केल्या जातात, एकदा रात्री एक मुलगी लॉबीत बॅग घेऊन बसलेली मी पाहिली, मी विचारलं तर म्हणाली काही नाही दादा, झोप येत नाहीये. मी वर जाऊन झोपलो. घरी दोन मुलं आहेत, वर्षातले निम्मे कार्यक्रम त्यांच्याचकडून येतात. मी बोललो तर काय होईल आणि नाही बोललो तर मी कोण?

दादा, तुम्ही हे लिहिलंत याची किंमत मला कळते, म्हणून गोडगोड काही लिहीत नाही. बोललात तर काम जाण्याची शक्यता खरी आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात गायिका चिन्मयी श्रीपादाने एका ज्येष्ठ गीतकाराबद्दल जाहीरपणे आरोप केले, त्याने ते नाकारले, आणि पुढच्याच महिन्यात तिचं डबिंग युनियनचं सदस्यत्व गेलं, कारण दिलं गेलं की वर्गणी भरली नाही. बोलणाऱ्याचं काम असंच, कुठल्यातरी भलत्या कारणाने बंद होतं, त्यावर बोट ठेवता येत नाही.

पण त्याच ऑक्टोबरात चेन्नईत दुसरीही गोष्ट झाली. मद्रास म्युझिक अकॅडमीने डिसेंबरच्या आपल्या महोत्सवातून सात कलाकारांची नावं काढून टाकली, त्यांच्यावर आरोप झाले होते म्हणून. मार्गळीच्या, म्हणजे त्या डिसेंबरच्या संगीत महोत्सवांच्या सीझनला तिथे गायला मिळणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको, आपल्याकडे सवाईला मिळतं तेवढंच. कोर्टाचा निकाल नव्हता, ते दोषी ठरले असंही नाही, पण आयोजक म्हणून आम्ही कोणाला स्टेज द्यायचं हे आम्ही ठरवू शकतो एवढं एका जुन्या संस्थेने दाखवलं. म्हणून मला वाटतं तुम्ही पहिल्यांदा कलाकाराशी नाही तर आयोजकांशी बोला. त्यात कोणावर आरोप करायची गरजही नाही. ‘दौऱ्यावर प्रत्येक मुलीला वेगळी खोली नाहीतर दोघी मुली मिळून एक, बुकिंग मुलीच्या नावावर, किल्ली रिसेप्शनवरून थेट तिच्या हातात’ एवढं म्हणा. साथीदार म्हणून तुमच्या खोलीचं तुम्ही बोलताच, त्यात एक वाक्य वाढवायचं. तीन-चार साथीदार मिळून म्हणालात तर एकट्यावर येणार नाही, पेटीवाला, तानपुऱ्यावाले, गाडी चालवणारा, सगळ्यांना माहिती असतंच.

आणि त्या मुलीला फोन करा. चौकशी करू नका, खोदू नका, एवढंच म्हणा की त्या रात्री तू लॉबीत बसली होतीस ते मी पाहिलं, तारीख मला लक्षात आहे, उद्या कधी तुला लागलं तर मी हे सांगेन. ती कदाचित फोन ठेवून देईल. तरी तिच्याकडे एक साक्षीदार आहे हे तिला माहिती असेल. अशा केसमध्ये बहुतेक वेळा खोलीत दोघंच असतात, म्हणून लॉबीत पाहिलेल्या माणसाचा शब्द फार मोठा असतो. तारीख आणि हॉटेल आजच लिहून ठेवा. मुलगी १८ च्या खाली असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि वर १४ वर्षांच्या मुलीच्या आईला दिलेलं उत्तर वाचा, तिथे तुम्हालाही कळवायलाच हवं.

मी मुलगा आहे, वय २४, तबला शिकतो. आमच्या उस्तादांनी माझ्याबरोबर जे केलं ते मला लिहिता येत नाहीये. मुलांसाठी काही कायदा आहे का? मित्र हसतील.

मी हसत नाहीये. आणि तुला खोटा धीर देणार नाही, प्रौढ पुरुषासाठी आपला कायदा आज फार तोकडा आहे. पॉश फक्त महिलांसाठी आहे, बलात्काराचं कलमही. पूर्वी जुन्या दंड संहितेत ३७७ कलम होतं, जबरदस्ती झाली तर ते लावता यायचं, १ जुलै २०२४ पासून नवीन संहिता आली आणि त्यात तसं कलमच ठेवलेलं नाही. ही मोठी चूक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण तरी विचार कर: घटना त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनाच कायदा लागतो. तू १८ च्या आत होतास तेव्हा काही झालं असेल तर पॉक्सो लागतो, तो मुलगा मुलगी असा फरक करत नाही, आणि तू आता मोठा झालास तरी तक्रार करता येते. कॉलेज किंवा विद्यापीठाच्या संगीत विभागात घडलं असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०१५ च्या नियमांत मुलगा विद्यार्थीही तक्रार करू शकतो. नाहीतर मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं ही कलमं उरतात. वकिलाला भेट, सगळं एकदम सांगायची गरज नाही, तारखा सांगितल्या तरी तो सुरुवात करेल. रात्री अंगावर येत असेल तर १४४१६ ला फोन कर, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लिहिता येत नाहीये म्हणालास आणि तरी तीन ओळी लिहिल्यास.

गुरुशिष्य परंपरेला बदनाम करण्याची ही फॅशन झाली आहे असं वाटत नाही का? चार लोकांमुळे हजार वर्षांची परंपरा मोडायची का? एक ज्येष्ठ रसिक.

काका, परंपरा मला तुमच्याइतकीच प्रिय आहे, तिच्यामुळेच मला चार सूर कळतात. पण बदनामी पत्र लिहिणाऱ्या मुली करत नाहीत. २०२० मध्ये भोपाळच्या एका प्रसिद्ध ध्रुपद गुरुकुलातल्या विद्यार्थिनींनी तोंड उघडलं, तिथल्या गुरूंकडून आरोप नाकारले गेले, पण ध्रुपदासाठी देशोदेशीहून घर सोडून तिथे आलेल्या मुलींना असं बोलावं लागावं हे तुमच्यासारख्या रसिकाला लागायला हवं. २०२३ मध्ये चेन्नईच्या कलाक्षेत्र या नृत्य-संगीत शिकवणाऱ्या संस्थेत मुली आवारात धरणं धरून बसल्या, एका शिक्षकाला अटक झाली.

आणि हे फक्त आपल्या परंपरेत होतं असंही नाही, त्यामुळे तिचा बचाव करायची गरजच नाही. मँचेस्टरला चेथम्स नावाची संगीत शाळा आहे, तिथे गुरुपौर्णिमा नाही की गंडा नाही. तिथली एक माजी विद्यार्थिनी, व्हायोलिनवादक फ्रान्सिस अँड्रेड, २०१३ च्या जानेवारीत कोर्टात साक्ष द्यायला उभी राहिली, शाळेत असताना संगीत विभागाच्या प्रमुखाने काय केलं ते तीसेक वर्षांनी सांगायला. निकाल लागायच्या आधीच तिने आयुष्य संपवलं. नंतर तो दोषी ठरला, सहा वर्षांची शिक्षा झाली. तिथे काय होतं तर एक बंद खोली, एकट्याने घ्यायचा धडा, आणि ज्याच्या एका शब्दावर मुलीचं करिअर अवलंबून आहे असा माणूस. आपल्याकडेही तेच तीन असतात. परंपरा ठेवू या काका, दार उघडं ठेवू या. गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला तालमीला जायच्या आणि घरी परत यायच्या, गुरूच्या घरी राहिल्या नाहीत म्हणून त्यांच्या गाण्यात काही उणं राहिलं का?

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मंडळाच्या कार्यक्रमाला भारतातून येणारे कलाकार आमच्या घरी उतरतात. मुलगी १६ ची आहे, गाते, ‘शिकवतो थोडं’ म्हणून दार लावून बसतात. सांगायला संकोच वाटतो.

संकोच करू नका. शिकवणी हॉलमध्ये, तुम्ही तिथे चहा घेत बसलेले. पाहुण्याला वाईट वाटलं तर वाटू दे. पुढच्या वर्षीपासून मंडळाला हॉटेलचा खर्च बजेटमध्ये धरायला सांगा. नंतर ऑनलाइन शिकवणी सुरू झाली तरी लॅपटॉप हॉलमध्येच राहील आणि मेसेज तिच्या नंबरवर नाही, तुमच्या नंबरवर येतील.

जागा संपत आलीय. पहिल्या पत्रातल्या मुलीसाठी राहिलेलं एक: बिहागचा अंतरा. माझ्या ओळखीच्या एक बाई आहेत, ७४ वर्षांच्या, कोथरूडला तळमजल्यावर राहतात, शनिवारी दुपारी चार वाजता शिकवतात, दार उघडंच असतं कारण मांजर आत-बाहेर करत असते. तुझ्याबद्दल मी त्यांना काही सांगितलेलं नाही, फक्त म्हटलं की एका मुलीची बिहागची स्थायी झालीय आणि पुढचं अडलंय. त्या म्हणाल्या, पाठव, येताना तानपुरा आणू नको म्हणावं, इथे आहे. मासिकाच्या ऑफिसात फोन केलास की पत्ता मिळेल, पण आधी अर्ज दे, तुझ्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत.